लग्नाचं नंतर बघू, आधी त्याच्याशी बोलता येतंय का?

"मावशी, माझा धाकटा भाऊ २७ वर्षांचा आहे. दीड वर्षाचा असताना मेंदूज्वर झाला, त्यात ऐकणं पूर्ण गेलं. दहावीपर्यंत निवासी कर्णबधिर शाळेत होता, मग आयटीआय केलं, आता चाकणला एका कंपनीत असेंब्ली लाइनला आहे, पर्मनंट. दिवाळीत घरी आला आणि आईच्या मोबाइलवर टाइप करून दाखवलं की मला एक मुलगी आवडते. मिरजेची आहे, तिलाही ऐकू येत नाही, जन्मतःच. पुण्यात कर्णबधिर मुलांच्या क्रिकेट मॅचला ओळख झाली म्हणे. तिचे आईवडील नात्यातलेच, आते-मामेभावंडं. घरात भूकंप! बाबा म्हणतात एकाला मोठं करताना नाकी नऊ आले, आता दोघांना कोण बघणार? आत्याने एका गरीब घरातल्या 'धडधाकट' मुलीचं स्थळ आणलंय, ती फोन घेईल, डॉक्टरकडे नेईल, दार उघडेल. भाऊ चिडून गेला तो तीन महिने आलेला नाही. रात्री बाळ रडलं तर या दोघांना कळणार कसं? आणि बाळही तसंच झालं तर? मी कुणाच्या बाजूने बोलू?
ता. क. खरं सांगायचं तर मला त्याच्याशी नीट बोलता येतच नाही. जेवलास का, पैसे आहेत का, कधी येणार, एवढं हातवारे करून भागवतो. – कराडची एक ताई"

अगं ताई, पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तुझ्या ता. क. पाशीच अडकले. आत्या, स्थळ, भूकंप सगळं वर लिहिलंस आणि मुद्द्याची गोष्ट खाली, जाता जाता. २७ वर्षं एका घरात आणि बोलायला भाषाच नाही! म्हणून मी तिथूनच सुरू करते, लग्नाकडे येईनच.

आधी एक सांगते, मी स्वतः दोन्ही कानांना मशीन लावते. चाळिशीच्या आतच ऐकू यायचं कमी झालं. माझं अर्धवट आहे, शांत खोलीत एका माणसाशी माझं छान जमतं, पण घरात दहा माणसं जेवायला बसली की संपलं. सगळे एकदम हसतात, मी विचारते काय झालं, आणि कुणीतरी म्हणतं, "काही नाही गं, जाऊ दे" किंवा "नंतर सांगते". ते नंतर कधी येत नाही, आणि आलं तरी पाच मिनिटांचा किस्सा एका वाक्यात मिळतो, "अगं ते सुरेशकाकांचं चाललं होतं". बास. प्रेम नसतं असं नाही, पोळी वाढायला तेच लोक धावतात. पण माणूस पंगतीत बसूनही पंगतीत नसतो. मला हे दहा-पंधरा वर्षं पुरलंय, तुझ्या भावाने ते जन्मभर खाल्लंय, तेही दुप्पट. दिवाळीत तो चिडून गेला तो फक्त मुलीवरून गेला असं मला नाही वाटत.

तुमचा दोष काढत नाहीये. तो लहान होता तेव्हा पालकांना सर्रास सांगायचे (काही ठिकाणी अजून सांगतात) की घरी खुणा करू नका, खुणा केल्या की मूल बोलायला शिकत नाही, ओठ बघून शिकू दे. तुझ्या आईने ते प्रामाणिकपणे पाळलं असणार. पण एक कर, आरशासमोर उभी राहा आणि आवाज न काढता पापा, बाबा, मामा म्हण. दिसला काही फरक? ओठ तिन्ही वेळेला तसेच मिटतात. आणि क, ग, ह तर आत घशाकडेच होतात, बाहेर काही दिसतच नाही. एवढ्या अंदाजपंचे कारभारावर त्या पोराने अख्खं घर वाचायचं होतं.

मग त्याची भाषा कुठली? साइन लँग्वेज, भारतीय सांकेतिक भाषा. ती त्याला हॉस्टेलच्या व्हरांड्यात मोठ्या मुलांकडून मिळाली असणार, बहुतेकांना तशीच मिळते. आणि ते हातवारे नव्हेत हां, तुम्ही घरी करता ते हातवारे. ती पूर्ण भाषा आहे, तिला स्वतःचं व्याकरण आहे. आपल्याला तर ती इंग्रजीपेक्षा जवळची वाटते, कारण प्रश्नाचा शब्द वाक्याच्या शेवटी येतो, 'तुझं नाव काय' मधला काय शेवटी तसा, आणि अर्धा प्रश्न भुवयाच विचारतात. पुरुष म्हणजे मिशीवरून बोट, बाई म्हणजे नाकात चमकी घालतो तिथे बोट. मी ही भाषा पंचेचाळिशीत शिकायला घेतली, रविवारच्या क्लासला, माझी बोटं इतकी कडक होती की शिकवणारा मुलगा (तोही कर्णबधिर) हसून हसून लोळायचा. सहा महिन्यांनी मात्र त्याच्याशी पावसावर, नवऱ्यावर, भाजीच्या भावावर गप्पा मारत होते. तेव्हा कळलं की मशीन लावूनही मी किती वर्षं नुसती मान डोलावत काढली होती.

त्याचे मेसेज येतात ना, 'मी उद्या गाव येणे नाही काम आहे' असे? त्यावरून घरच्यांना वाटत असेल की याला कमी कळतं. त्याच्यासाठी मराठी दुसरी भाषा आहे गं, दीड वर्षाचा झाल्यापासून कधीही न ऐकलेली. आपण न ऐकता फक्त कागदावरून चिनी शिकलो असतो तर काय दिवे लावले असते! आईच्या मोबाइलवर टाइप करून त्याने लग्नाचं सांगितलं म्हणजे आयुष्यातली सगळ्यात नाजूक गोष्ट त्याला परक्या भाषेत सांगावी लागली, हे बाबांच्या कानावर घाल.

आता बाबांचा प्रश्न, दोघांना कोण बघणार. त्यांना उलटं विचार, सध्या चाकणला त्याला कोण बघतंय? खोली शोधली, डिपॉझिट भरलं, शिफ्टला उठतो, ताप आला तर दवाखान्यात जातो, हे तुम्ही करताय का? तो करतोय आणि त्याचे मित्र करताहेत. तुम्हाला दिसत नाही पण त्याच्याभोवती एक अख्खं गाव आहे. मुंबईत लोकलच्या दिव्यांग डब्यात कधी बघ, ऑफिस सुटायच्या वेळी, कर्णबधिर मंडळी ठरवून एकाच गाडीला भेटतात, दाराशी उभं राहून नुसता हातांचा धुमाकूळ चाललेला असतो, कुणाला कुठे नोकरी आहे, कुणाचं लग्न ठरलं, कुठल्या दवाखान्यात नीट वागवतात, सगळ्या बातम्या तिथे. क्रिकेटच्या मॅचेस, व्हिडिओ कॉलचे ग्रुप, हे सगळं त्याचंच पुढचं. ही मंडळी गप्प बसणारीही नाहीत, २०१९ च्या फेब्रुवारीत राज्यभरातले कर्णबधिर तरुण पुण्यात शिक्षण आणि नोकऱ्यांच्या मागण्या घेऊन जमले होते आणि पोलिसांच्या लाठ्या खाऊनही हटले नव्हते. मिरजेची ती मुलगी त्याला याच गावात भेटलीय. तिच्याशी तो रात्रभर बोलू शकतो, 'नंतर सांगते' न ऐकता.

आत्याच्या स्थळाबद्दल माझं मत विचारलं नाहीस तरी सांगणार. तुम्हाला सून हवी नाहीये, तुम्हाला बिनपगारी दुभाषी कम नर्स हवीये, आणि गरीब घरातली कारण ती नाही म्हणू शकणार नाही. त्या पोरीला तरी साइन कुठे येते? म्हणजे लग्नानंतर तुझ्या भावाच्या आयुष्यात 'जेवलास का' विचारणारं अजून एक माणूस वाढेल. ती आनंदाने, सगळं माहीत असून तयार असती तर गोष्ट वेगळी, ऐकू येणारे आणि न येणारे असे सुखाचे संसार मी पाहिलेत, पण तिथे दोघांची भाषा एक होती. 'धडधाकट' शब्द मात्र घरात बंद कर. तुझा भाऊ आठ तास उभं राहून गाड्यांचे पार्ट जोडतो, अजून किती धडधाकट हवाय?

बाळाचं. हा प्रश्न खरा आहे, त्याला भावनिक उत्तर देऊन चालणार नाही. तुझ्या भावाचं ऐकणं मेंदूज्वराने गेलं, म्हणजे ते बाहेरून आलं, ते पुढच्या पिढीत जात नाही. मुलीचं जन्मजात आहे आणि आईवडील नात्यातले, तेव्हा तिथे जनुकांचं कारण असू शकतं. अशातला बराच बहिरेपणा असा असतो की दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच मुलाला ऐकू येत नाही, एकाकडूनच आला तर मूल ऐकतं, फक्त तो दोष पुढे वाहून नेतं. नात्यात लग्न झालं की तोच दोष दोघांकडे असण्याची शक्यता वाढते, तिच्या घरी तसं झालं असावं. तुझा भाऊ तिच्या नात्यातला नाही, त्यामुळे यांच्या मुलांना ऐकू येण्याची शक्यता चांगली आहे, पण हे मी सांगून उपयोग नाही, मोठ्या हॉस्पिटलात जेनेटिक कौन्सेलिंग मिळतं, दोघांनी जावं, रक्त तपासावं, नीट विचारावं. दोघांनी म्हटलं मी, तू आणि बाबांनी नाही. मूल हवं की नको, कधी हवं, हे तेच ठरवणार. आणि जाता जाता, आजूबाजूला बघ, बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईवडिलांनाच होतात. तुमच्याच घरात नाही का, आजारी पडेपर्यंत कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

आणि समजा, बाळाला ऐकू नाही आलं. जन्मल्यावर झोपेतच कानाची तपासणी होते, ओएई म्हणतात, काही मिनिटांची, शंका आली की बेरा, म्हणजे आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणी. महिन्याच्या आत तपासणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत मशीन आणि थेरपी सुरू, हे गणित डॉक्टर सांगतातच. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानात आत बसवायचं यंत्र, करायचं ठरलं तर लहान मुलांसाठी केंद्राची ॲडिप योजना आहे, दिव्यांगांना साधनं देणारी, त्याची चौकशी मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग या कर्णबधिरांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत होते. (इम्प्लांट म्हणजे बटण दाबलं की बोलायला लागलं असं नसतं, पुढे काही वर्षं थेरपी असते आणि मशीनचा खर्चही, हे कुणीतरी आधीच सांगायला हवं म्हणून मी सांगतेय.) पण एक गोष्ट या बाळाकडे पहिल्या दिवसापासून असेल जी तुझ्या भावाकडे नव्हती, घरात त्याची भाषा. आई कुशीत घेऊन हातांनी अंगाई म्हणेल. ज्या मुलाला आधी एक भाषा पक्की मिळते त्याला दुसरी शिकायला पायाखाली काहीतरी असतं, साइनमुळे बोलणं अडतं ही भीती मनातून काढ.

बाळाला ऐकू आलं तर वेगळी धास्ती, ती तुला आत्ताच सांगून ठेवते. सहा वर्षांच्या पोराला बँकेत, शाळेत, दवाखान्यात दुभाषी म्हणून उभं करायचं नाही. डॉक्टर आईला काहीतरी गंभीर सांगताहेत आणि ते पोर भाषांतर करतंय, असं होऊ द्यायचं नाही. त्या वेळी इंटरप्रिटर बोलवायचा किंवा आत्या म्हणून तू जायचंस, तोपर्यंत शिकलेली असशील.

रात्री बाळ रडलं तर? हे सगळ्यात सोपं आहे आणि सगळ्यांना हेच सगळ्यात अवघड वाटतं. बाळ रडलं की दिवा लुकलुकणारे आणि उशीखाली थरथरणारे अलार्म मिळतात. बेलला दिवा जोडून देणं गल्लीतला वायरमनही करेल. आजकालच्या स्मार्टफोनमध्ये सेटिंग असतं, बाळाचं रडणं, दाराची बेल फोन स्वतः ओळखतो आणि थरथरतो, हातातल्या घड्याळालाही कळवतो. अडीअडचणीला ११२ चं ॲप आहे, त्यात बोलावं लागत नाही. शिवाय कित्येक कर्णबधिर आया बाळाला अंगाला चिकटून झोपवतात, बाळ वळवळलं की जाग येते. मशीन नव्हती तेव्हाही पोरं वाढलीच ना. शेजारची एक बाई ओळखीची करून ठेवायची, ती तर आपल्यालाही लागते.

कागदपत्रांचं थोडक्यात. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, दोघांकडे आहे का बघ, नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज आणि सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तपासणी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकरीत कर्णबधिरांना १ टक्का राखीव जागा आहेत, मुलीचं शिक्षण झालं असेल तर सोडू नका. ग्रामपंचायत असो की महापालिका, स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चायचा असतो, विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. बँकेत दोघांनी जावं आणि आम्हाला फोन नको, मेसेजवर कळवा असं लेखी द्यावं. मला एका बँकेने "मॅडम फोनवर कन्फर्म करा" म्हणून तीन चकरा मारायला लावल्या होत्या, मी समोर उभी, हातात आधार कार्ड, आणि त्यांना माझा फोनवरचा आवाज हवा!

आता कामाचं. बाबांशी भांडू नकोस, कुणाच्या बाजूनेही बोलू नकोस, त्याला स्वतःला बोलू दे. एक रविवार ठरव आणि घरी इंटरप्रिटर बोलव. शिकलेले, प्रमाणपत्र असलेले इंटरप्रिटर कमी आहेत पण आहेत, अली यावर जंग संस्थेत याचा डिप्लोमाच चालतो, दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राकडेही चौकशी करता येते, नाहीतर भावालाच विचार, त्याला दोन-तीन जण माहीत असतील. कराडपर्यंत येणं जमलं नाही तर व्हिडिओ कॉलवर बसतात. मानधन द्यायचं, समाजसेवा समजून चहावर भागवायचं नाही. त्याच्या मित्राला किंवा त्याच्या शाळेतल्या बाईंना बसवू नकोस, घरातलं घरात राहू दे, इंटरप्रिटर ऐकलेलं बाहेर नेत नाही, तो त्याच्या कामाचाच नियम आहे.

त्या दिवशी टीव्ही बंद, खिडकीकडे कुणाची पाठ नको नाहीतर चेहरे काळे दिसतात. एका वेळी एकाने बोलायचं, आपल्या घरात हे सगळ्यात कठीण जाणार, माहितीये. आणि बाबांनी इंटरप्रिटरकडे बघून "त्याला सांगा की" असं म्हणायचं नाही, मुलाकडे बघून "तू" म्हणायचं. पहिली दहा मिनिटं विचित्र जातील. नंतर जे होतं ते मी दोन-तीन घरांत पाहिलंय, आईला पहिल्यांदा कळतं की आपला मुलगा विनोदी आहे. एका घरात तर वडील उठून परसात जाऊन उभे राहिले, बराच वेळ आत आलेच नाहीत.

मुलीला पहिल्याच दिवशी बोलवू नका, तो दिवस भावाचा. पुढच्या वेळी ती आणि तिचे आईवडील येऊ देत, तेव्हाही इंटरप्रिटर असू दे, नाहीतर दोन्हीकडची ऐकू येणारी माणसं आपापसात सगळं ठरवतील आणि ज्यांचं लग्न ते पोहे खात बसतील.

तोपर्यंत तू शीक. दिल्लीच्या त्या केंद्राचा १०,००० शब्दांचा कोश व्हिडिओंसकट नेटवर फुकट आहे, २०२१ मध्ये पूर्ण झाला. पण कोशाने भाषा येत नाही, माणसांनी येते, म्हणून रोज रात्री भावाला पाच मिनिटं व्हिडिओ कॉल लाव आणि त्याच्याकडूनच शीक. चुकशील, तो हसेल, हसू दे. इतकी वर्षं घरात चुकायचं काम त्याच्या एकट्याकडे होतं.

लग्न ठरलंच (मला वाटतं ठरेल), तर हॉलच्या आधी इंटरप्रिटरची तारीख घ्या आणि भटजींना सांगून ठेवा. अंतरपाट धरला की नवरा-नवरीला एकमेकांचे हातच दिसत नाहीत, मंगलाष्टका कुठवर आल्या हे कळत नाही, म्हणून दोघांच्याही बाजूला साइन करणारं एकेक माणूस उभं करा, आणि मंडपातल्या त्यांच्या मित्रांना 'सावधान' दिसेल असं कुणीतरी उंचावर हवं, नाहीतर अक्षता वेळेवर पडायच्या नाहीत. टाळ्या ते वाजवत नाहीत, दोन्ही हात वर करून पंजे हलवतात. दोनशे जणांनी एकदम केलं की काय दिसतं म्हणून सांगू!

आणि हो, एक राहिलंच. या लोकांत प्रत्येकाला एक साइन-नाव असतं, गालावरचा तीळ, केसांची बट, चष्मा, सवय, असं काहीतरी धरून ठेवलेलं, कारण दर वेळी नाव अक्षरं जोडून कोण सांगत बसणार. त्या मुलीचं काय आहे ते भावाला आज विचार. मग तुझं विचार. तो मित्रांना इतकी वर्षं तुझ्याबद्दल काहीबाही सांगत असणारच, तेव्हा तुझंही नाव त्याने कधीच ठेवलेलं असणार, तुला फक्त माहीत नाहीये.